रॉइस हॅनलनचं नक्की आहे

आर्डिथ कोल्बला सिनेमा बघायचा कंटाळा होता. बरबँकमध्ये आम्ही सगळी सिनेमावर पोट भरणारी माणसं, आणि ऑस्कर कुणाला मिळणार हे आर्डिथइतकं बिनचूक सांगणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे तिचा हा कंटाळा ऐकला की नवीन माणूस गोंधळून जाई.

"सिनेमे बघून काय कळतंय, नोरीन?" ती मला म्हणायची. "मतं सिनेमाला पडत नाहीत. माणसाला पडतात. आणि त्यातली निम्मी दुसऱ्या कुणाची तरी जिरवायला पडतात."

मी निगेटिव्ह कापणारी, ती संकलक; चित्रित तुकडे कापून-जोडून सिनेमा उभा करायचा हे तिचं काम. एका स्टुडिओच्या मागच्या इमारतीत आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या, आणि नोकऱ्या सुटल्यावरही आम्ही एकाच गल्लीत राहिलो. तिची विद्या मी जवळून पाहिली आहे. कोणत्या दिग्दर्शकानं कुठल्या कॅमेरावाल्याला भर सेटवर गाढव म्हटलं होतं, कोणत्या नटीनं शिंपिणीच्या अंगावर झगा भिरकावला होता, हे तिला तोंडपाठ असे. केस कापायला गेली की ती शेजारच्या खुर्चीतल्या बाईला बोलतं करी. मयतांना आणि त्यानंतरच्या खाण्याला तर आवर्जून जाई. कोण कुणाचा हात हातात घेत नाही, कोण कुणाला पाहून बशी घेऊन दुसऱ्या खोलीत जातं, एवढं बघायचं आणि घरी यायचं. मग लेस्टर पुल्व्हर नावाचा गृहस्थ आमच्या भागात एक साप्ताहिक चालवायचा, त्यात दर वसंतात तिचं भाकीत छापून यायचं. ऑस्करच्या मतदार मंडळींपैकी कितीतरी म्हातारी माणसं आमच्याच आसपास राहायची. ती हे पान आधी उघडायची. संकलनाच्या खोल्यांमधून ते कात्रण भिंतीला चिकटवलेलं असायचं, आणि मोठ्या वर्तमानपत्रातले लोक तिला फोन करून विचारायचे, "बाई, यंदा काय म्हणता?"

लोक म्हणत, आर्डिथला माणसांची पारख आहे. मला विचाराल तर तिला फक्त डूख धरणारी माणसं ओळखता यायची. ती स्वतः त्याच जातीची होती.

तिचा डूख होता रॉइस हॅनलनवर.

तरुणपणी ती त्याची मदतनीस होती. रॉइस देखणा, बोलघेवडा, सगळ्यांचा लाडका. खाणकामगारांच्या संपावरचा एक सिनेमा त्याच्याकडे संकलनाला आला, आणि नेमका तेव्हाच त्याचा संसार मोडायला लागला. तो आठवडेच्या आठवडे पाम स्प्रिंग्जला बायकोची समजूत काढत राहिला आणि इकडे आर्डिथ एकटी यंत्रावर बसून सिनेमा कापत राहिली. खाणीत स्फोट होतो आणि कामगारांच्या बायका खाणीच्या तोंडाशी येऊन उभ्या राहतात, कुणी काही बोलत नाही, असा त्यात एक प्रसंग होता. तो तिनं कापला. जेवायला चल म्हणून मी तिला बोलवायला जायचे, तर पांढऱ्या हातमोज्यांतली बोटं वर करून ती म्हणायची, "थांब. ही बाई अजून लवकर वळतेय." पुन्हा जोड काढायची, पुन्हा लावायची.

रॉइस परत आला, त्यानं तो प्रसंग पाहिला आणि खुर्चीतच बसून राहिला. मग म्हणाला, "आर्डी, पडद्यावर तुझं नाव माझ्या नावाशेजारी. शब्द देतो."

पहिल्या खेळाला आम्ही दोघी गेलो. नावं आली. संकलन, रॉइस हॅनलन. बस्स.

"स्टुडिओनं ऐकलं नाही गं," रॉइस तिला म्हणाला. "मी फार भांडलो."

पडद्यावरची नावं रंगवणारा माणूस माझ्या ओळखीचा होता. आर्डिथच्या नावाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता, हे त्यानं मला सांगितलं, आणि मी आर्डिथला.

त्या वर्षी संकलनाच्या ऑस्करची सोन्याची बाहुली रॉइसला मिळाली. आम्ही तिच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. तो मंचावर गेला. त्यानं आईचे आभार मानले, पुन्हा नांदायला आलेल्या बायकोचे मानले, स्टुडिओच्या फाटकावरच्या रखवालदाराचे मानले. शेवटी म्हणाला की जागरणं करताना जो पायाशी बसून राहिला त्या माझ्या कुत्र्याचेही आभार, आणि सभागृह हसलं.

आर्डिथनं उठून टीव्ही बंद केला. "कुत्र्याचं नाव काय म्हणाला तो?"

"बिस्किट," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली, आणि आमची ताटं वाढायला घेतली.

दुसऱ्या आठवड्यात तिनं काम सोडलं. दुसरीकडे मिळेल असं तिला वाटलं होतं. पण जिथं जाईल तिथं रॉइसचा शब्द तिच्या आधी पोचलेला असे. तो तिची निंदा करत नसे, तेवढा तो हुशार होता. नुसता हसून म्हणे, "कामाला चांगली आहे हो, पण सांभाळायला अवघड." एवढं पुरे होतं. तिला पुढे एकही मोठा सिनेमा मिळाला नाही. टीव्हीवरच्या गुन्हेगारीच्या मालिका कापत तिनं उमर काढली. लग्न केलं नाही. रॉइसचं नाव ती कधी काढत नसे, आणि दुसऱ्या कुणी काढलं तर बोलणारा थांबेपर्यंत खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत बसे.

रॉइस म्हातारा झाला. बरीच वर्षं त्याच्या हाताला यश नव्हतं. मग सत्तरी उलटल्यावर त्यानं एक युद्धाचा सिनेमा कापला आणि त्याला पुन्हा नामांकन मिळालं. सगळ्यांचं मन त्याच्याकडे ओढ घेऊ लागलं. म्हातारा जाता जाता आणखी एक बाहुली घेऊन जाऊ दे, असं जो तो म्हणू लागला. त्याला खरी टक्कर देणारी एकच होती, इनेझ बारागान नावाची तरुण मुलगी. तिनं एका लहानशा सिनेमाचं संकलन केलं होतं आणि जाणकारांना ते फार आवडलं होतं.

मतपत्रिका टपालानं घरोघरी यायच्या आधी आर्डिथ महिनाभर हिंडली. एका दुपारी मी तिच्या स्वयंपाकघरात बसले होते. ती हातातली कॉफी तशीच धरून म्हणाली, "रॉइसच जिंकणार. अगदी थोडक्यात. पण तोच."

मला वाटलं आता ती काहीतरी फोडेल. तिनं कप विसळला, पालथा घातला आणि टंकयंत्र पुढे ओढलं.

त्या आठवड्याच्या अंकात आलं ते असं. रॉइस हॅनलनचं नक्की आहे. इतकं नक्की, की त्याला मत देणं म्हणजे भरल्या विहिरीत तांब्याभर पाणी ओतणं. ज्यांना आपल्या मताचा कुणाला उपयोग व्हावा असं वाटतं, त्यांनी ते दुसऱ्या कुणाला द्यावं. म्हाताऱ्याला ते लागणार नाही.

मी अंक घेऊन तिच्याकडे गेले. "हे काय लिहिलंस?"

"वाचता येतं की तुला."

"तू तर म्हणालीस थोडक्यात जिंकेल. नक्की कुठे आहे?"

"नाहीये," ती म्हणाली. "नक्की असतं तर मी लिहून काय उपयोग झाला असता?"

एवढ्या वर्षांत तिनं भाकितात कधी लबाडी केली नव्हती. स्वतःच्या मैत्रिणी हरणार असल्या तर तेही छापून मोकळी व्हायची. तिच्याजवळ नाव एवढं एकच होतं, तेही तिनं स्वतः कमावलेलं, आणि ते ती आज विस्तवात घालत होती.

"तुझं नाव जाईल, आर्डिथ."

"एकदा गेलंय. सवय आहे."

कात्रण नेहमीसारखं भिंतींवर चढलं. दुकानात, न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर लोक म्हणू लागले, रॉइसचं काय, त्याचं झालंच. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. आमच्याच गल्लीतला एक निवृत्त नेपथ्यकार मला म्हणाला, "मी आपलं त्या पोरीला देऊन टाकलं. बिचारीला दोन मतं तरी पडू देत."

आणि मग रॉइसचा फोन आला. भाकीत वाचून त्याचं मन भरून आलं होतं. भेटायला येऊ का, असं विचारत होता.

"ये," आर्डिथ म्हणाली. मला म्हणाली, "तू थांब. मला साक्षीदार पाहिजे."

तो आला. हातात बेकरीतला केक, अंगात उंची कोट, चेहरा अजून देखणा. "आर्डी," तो दारातूनच म्हणाला, "तू मनात काही ठेवलं नाहीस. मला वाटलं होतं तू अजून रागावली असशील."

"बस," ती म्हणाली.

मी कॉफी केली. तो बराच वेळ स्वतःच्या गुडघ्यांबद्दल आणि मुलीबद्दल बोलला. मग त्यानं आवाज खाली आणला. "खरं सांग. एवढं पक्कं आहे?"

"भाषण लिहून ठेव."

"लिहिलंय," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा लाजला. "तुझं नाव आहे त्यात."

मी हातातली बशी खाली ठेवली.

"आधी मला एक सांग, रॉइस," ती सावकाश म्हणाली. "खाणीच्या तोंडाशी त्या बायका उभ्या राहतात, तो प्रसंग कुणी कापला?"

तिनं त्याला दिलेली ही संधी होती. मला ते कळलं. त्यानं एकदा 'तू' म्हटलं असतं, तर पुढच्या अंकात तिनं काय लिहिलं असतं ते मला सांगता येत नाही.

रॉइस हसला. "आपण कापला की."

"आपण?"

"अगं, तू तुकडे देत होतीस, मी लावत होतो. काय दिवस होते. रात्र रात्र बसायचो आपण."

तो खोटं बोलत नव्हता. तेच सगळ्यात वाईट होतं. इतक्या वर्षांत त्यानं ते स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं, की त्याला खरंच तसं आठवत होतं. पाम स्प्रिंग्ज त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं.

"भाषण म्हणून दाखव," आर्डिथ म्हणाली.

तो उभा राहिला, कोट नीट केला. त्याला पाठच होतं. शेवटी आलं ते असं: "आणि माझी आर्डी. जिनं माझी कॉफी कधी थंड होऊ दिली नाही आणि फिल्मचा एक तुकडा कधी हरवू दिला नाही. आर्डी, हे तुझंही आहे."

"शेवटचं पुन्हा म्हण."

त्यानं पुन्हा म्हटलं. दुसऱ्या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो खाली बसला, रुमाल काढला, आणि डोळे पुसता पुसता दुसऱ्या हातानं रिकामा कप तिच्यापुढे धरला.

आर्डिथनं त्यात कॉफी ओतली. एक थेंब सांडू दिला नाही. "छान आहे," ती म्हणाली.

तो गेल्यावर मी तिला धरून बसले. "हे बघ, अजून एक अंक निघायचाय. मतपत्रिका परत जायला वेळ आहे. तू लिही, की चुरस आहे, रॉइसला मतांची गरज आहे. जगभर लोक बघतात तो कार्यक्रम. तुझं नाव घेणार आहे तो. ह्याचसाठी जन्मभर जळलीस ना?"

"माझं नाव?" ती म्हणाली. "कॉफीवालीचं नाव घेणार आहे तो. आणि तेच राहील मग. मी मेल्यावर लोक म्हणतील, हो हो, ती हॅनलनची कॉफीवाली."

"कुत्र्यापेक्षा बरं."

ती हसली. खूप दिवसांनी हसताना पाहिलं मी तिला, पण ते हसू बघवत नव्हतं. "कुत्र्यानं जागरण केलं, एवढं तरी त्याला आठवत होतं," ती म्हणाली.

पुढच्या अंकात तिनं लिहिलं, की हॅनलनच्या शिंप्याचं काम संपलंय, भाषण पाठ झालंय, आता राहिलीय ती नुसती मंचापर्यंतची वाट चालायची. नंतर तिनं त्याबद्दल बोलणं बंद केलं.

समारंभाचा दिवस सोमवार होता. आमच्याकडे समारंभ सुरू होतो तेव्हा बाहेर ऊन असतं, त्यामुळे आर्डिथनं पडदे ओढून घेतले. मी, लेस्टर आणि शेजारचं एक जोडपं, एवढीच माणसं होती. ती खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ घेऊन बसली. सुरुवातीची भाकितं बरोबर येत गेली तसा लेस्टर मांडीवर थाप मारत होता. तिचं लक्ष नव्हतं.

संकलनाचं नाव पुकारायची वेळ आली. पडद्यावर पाचही जणांचे चेहरे दिसले. मंचावर पाकीट फाडलं जात असताना रॉइसनं कोटाचं बटण लावलं, शेजारी बसलेल्या आपल्या मुलीचा हात थोपटला, आणि नाव पूर्ण उच्चारायच्या आत तो खुर्चीतून अर्धा उठला.

"इनेझ बारागान."

मुलीनं त्याची बाही धरून त्याला खाली ओढलं. क्षणभर कॅमेरा तिथंच राहिला. तो टाळ्या वाजवत होता, पण त्याचे हात एकमेकांवर नीट पडत नव्हते. आर्डिथ पुढे वाकली. गुडघ्यावर कोपरं टेकून, हनुवटी हातात धरून ती एखादा जोड तपासावा तशी ते बघत होती.

"अरेच्चा," लेस्टर म्हणाला. "आर्डिथ, हे कसं झालं?"

"आवाज वाढव," ती म्हणाली.

इनेझनं आपल्या हाताखालच्या माणसांची नावं घ्यायला सुरुवात केली. संगीत सुरू होऊन तिला मंचावरून न्यायला आले, तरी ती नावं घेतच होती. आर्डिथनं शेवटपर्यंत ऐकलं. "मुलगी बरी दिसते," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे असतानाच फोन वाजला. तिनं मला जवळ बोलावलं आणि कान लावायला लावला.

"आर्डी," रॉइसचा आवाज घोगरा झाला होता. "काल जेवणाच्या वेळी लोक येऊन मला सांगत होते. एक नाही, किती तरी. म्हणाले, रॉइस, तुझं नक्कीच होतं म्हणून आम्ही त्या पोरीला दिलं. माझे मित्र गं. चाळीस चाळीस वर्षांचे." मग म्हणाला, "तू चुकलीस ना, आर्डी? होतं असं कधी कधी. मी रागावलो नाही."

"मी चुकले नाही," आर्डिथ म्हणाली. "तू जिंकणार होतास. थोडक्यात, पण तूच."

"मग असं का लिहिलंस?"

"म्हणूनच."

"मी तुझं नाव घेणार होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे. ऐकलं की मी. दोनदा."

"मी सगळ्यांना सांगेन तू काय केलंस ते. पेपरवाल्यांना सांगेन."

"जरूर सांग," ती म्हणाली. "ते विचारतील, बाईनं असं का केलं? मग तो खाणीचा प्रसंग कुणी कापला ते सांगावं लागेल. नाव रंगवणारा अजून जिवंत आहे, रॉइस. नोरीन आहे. तुझी पहिली बायकोही आहे, आणि तिला पाम स्प्रिंग्ज चांगलं आठवत असणार. सांग तू."

त्यानं फोन ठेवला. त्यानं कुणालाही सांगितलं नाही. त्याला सांगता येणारच नव्हतं, आणि हे तिनं लिहायला बसायच्या आधीच जोखलं होतं.

गावानं तिला नावं ठेवायची ती ठेवलीच. मोठ्या पेपरात टिंगल झाली, की बरबँकच्या म्हातारीनं नक्की म्हटलेलं तेवढंच चुकलं. पुढच्या वसंतात तिची सगळी भाकितं बरोबर आली, पण आता लोक वाचून हसायचे आणि उलट पैजा लावायचे. लेस्टरनं ते पान एका तरुणाला दिलं. तो सिनेमे बघून भाकितं करायचा. आर्डिथनं त्याला शुभेच्छा दिल्या आणि टंकयंत्र भाचीला देऊन टाकलं.

मी तिला एकदा सरळ विचारलं, "मन निवलं का?"

"निवलं," ती म्हणाली. मी आणखी काही ऐकायला थांबले होते, तर ती म्हणाली, "बघतेस काय? तुम्हाला वाटतं नंतर रितं रितं वाटतं. मला नाही वाटलं. मी त्या रात्री इतकी गाढ झोपले, की दूधवाल्याला दार वाजवावं लागलं."

रॉइस त्यानंतर फार जगला नाही. त्याच्या मयताला आर्डिथ गेली. काळा पोशाख इस्त्री करून, टोपी घालून, पहिल्या रांगेच्या मागेच बसली. मी गाडी चालवायला होते. नंतर त्याच्या घरी खाणं होतं. तिथं त्याची मुलगी आम्हाला शोधत आली.

"तुम्ही आर्डिथ ना? शेवटी शेवटी बाबा तुमच्याबद्दल फार बोलायचे."

"काय म्हणायचे?"

"खाणीच्या सिनेमाचा विषय निघाला की म्हणायचे, त्या बाईला विचारा. तिला सगळं नीट आठवतं."

आर्डिथनं तिचा हात हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि सोडला. मग टेबलाशी गेली, दोन सँडविचं खाल्ली, आणि येताना गाडीत तोंड उघडं टाकून झोपली.